लॅक्टेट उतरतंय का?

मनगटाच्या धमनीत बसवलेल्या बारीक नळीतून नर्स जेमतेम दीड-दोन मिलिलिटर रक्त घेते. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा लगेच बाहेर काढते, कारण बुडबुड्यातली हवा रक्तात मिसळली तर ऑक्सिजनचा आकडा चुकतो. मशीन पलंगापासून चार पावलांवर असतं. दोनेक मिनिटांत कागदाची चिंचोळी पट्टी बाहेर येते. तिच्यावर पीएच, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, सोडियम, पोटॅशियम, साखर हे सगळं असतं. पण पेशंट शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्तदाब कोसळलेला असेल, तर डॉक्टरची नजर आधी लॅक्टेटच्या ओळीवर जाते.

लॅक्टेटशी वैद्यकाची ओळख जुनी आहे. १८४३ मध्ये योहान योसेफ शेरर या जर्मन वैद्य-रसायनशास्त्रज्ञाला बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल, म्हणजे लॅक्टेटचंच आम्लरूप, सापडलं. तेव्हा ते मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलं होतं. आता तोच पदार्थ पेशंट जिवंत असताना, दर दोन-चार तासांनी मोजता येतो.

पेशी साखर फोडून ऊर्जा काढते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर हे काम शेवटपर्यंत तडीस जातं, नसेल तर ते अर्ध्यावर थांबतं आणि लॅक्टेट साचतं. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरमागे २ मिलिमोलच्या आत असतं. २०१६ मध्ये सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची, नवी व्याख्या ठरली, तिच्यातही ही सीमा आली. पुरेसं सलाईन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर आहे, अशी स्थिती म्हणजे सेप्टिक शॉक. अशा पेशंटमध्ये रुग्णालयातला मृत्युदर ४० टक्क्यांहून जास्त निघाला.

इथवर गोष्ट सरळ वाटते, पण लॅक्टेट वाढायला ऑक्सिजनच कमी पडावा लागतो असं नाही. ॲड्रेनॅलिन दिलं तरी ते वाढतं. फिट येऊन गेली तरी काही काळ वाढलेलं राहतं. शिवाय ते साफ करण्याचं मोठं काम यकृताचं, म्हणजे यकृत थकलेलं असेल तर आवक तेवढीच राहूनही साठा वाढतो. आणि एक अगदी घरगुती म्हणावी अशी चूक: रक्त घेऊन सिरिंज टेबलावर विसरली, तर आतल्या तांबड्या पेशी साखर फोडतच राहतात आणि पेशंटचं नसलेलं लॅक्टेट रिपोर्टात येतं.

म्हणून एकट्या आकड्याला फार भाव देऊ नये, असं माझं मत आहे. समजा दोन पेशंट आहेत, दोघांचंही लॅक्टेट ५. सहा तासांच्या उपचारांनंतर एकाचं ३ वर आलं, दुसऱ्याचं ६ झालं. पहिल्या पट्टीत हे दोघे सारखे होते, दुसऱ्या पट्टीत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सेप्सिसवरच्या अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे: सुरुवातीच्या तासांत ज्यांचं लॅक्टेट उतरतं, त्यांच्यात वाचणारे जास्त.

मग लॅक्टेट उतरवण्याच्या मागे लागलं की माणूस वाचेल का? हा प्रश्न एका चाचणीत तपासला गेला. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत सेप्टिक शॉकचे ४२४ पेशंट घेतले. निम्म्यांचे उपचार लॅक्टेट बघून चालवले. उरलेल्यांचे बोटावर काच दाबून: दहा सेकंद दाबायचं, सोडायचं आणि रंग तीन सेकंदांत परततो का ते बघायचं. २०१९ मध्ये निकाल आला. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के दगावले, बोट दाबलेल्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक थोडक्यात अपुरा ठरला, त्यामुळे बोट जिंकलं असं म्हणता येत नाही. पण मशीन हरलं नाही एवढंही छातीठोक सांगता येत नाही, याची मला गंमत वाटते.

सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गात रक्तात वाढणारी दोन प्रथिनं) ही नावं नातेवाइकांच्याही कानावर पडतात. पेशंट वाचेल का याचं भाकीत म्हणून दोन्ही कच्ची. प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत ते बघून औषध थांबवलं, तर सातऐवजी पाच दिवसांत काम भागलं.

एक आकडा पुरत नाही, म्हणून अनेकांची मोट बांधायची कल्पना निघाली. आयसीयूतल्या पेशंटचा मृत्यूचा धोका मांडणारा १९८५ चा अपाची-२ हा गुणांक त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. पहिल्या २४ तासांतली बारा मापं, त्यातली सात रक्तातली, वर वय आणि जुने आजार. प्रत्येक मापाचा सर्वांत वाईट आकडा धरायचा आणि बेरीज करायची, जास्तीत जास्त ७१. बेरजेतली मापंही मात्र भोळी नसतात. क्रिएटिनिन घ्या. ते स्नायूंतून येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. तीन आठवडे पडून असलेल्या माणसाचे दंड-मांड्या झडलेल्या असतात, क्रिएटिनिन तयारच कमी होतं. रिपोर्टात आकडा छान, मूत्रपिंड मात्र थकलेलं.

आणि बेरजेवरून ‘४० टक्के धोका’ निघाला, तर तो कोणाचा? असे शंभर पेशंट घेतले तर अंदाजे चाळीस दगावतील, एवढाच त्याचा अर्थ. समोरचा माणूस त्या चाळिसांतला की साठांतला, हे गुणांक सांगत नाही. दोन आयसीयूंची तुलना करायला तो उत्तम. बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला मात्र त्यातून ‘बाबा वाचतील का’ याचं उत्तर मिळत नाही.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या पेशंटच्या बाबतीत चूक सगळ्यात महाग पडते. माणूस शुद्धीवर येत नाही, तेव्हा मेंदूला किती इजा झाली हे बघायला रक्तातलं एनएसई (न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज) मोजतात. मेंदूतल्या मज्जापेशी मेल्या की हे विकर (एन्झाइम) रक्तात उतरतं. आकडा वाईट आला, त्यावर विसंबून व्हेंटिलेटर काढला आणि माणूस गेला, तर भाकीत खरं ठरल्यासारखं दिसतं. खोटं ठरण्याची संधी त्याला मिळालेलीच नसते. म्हणून युरोपातल्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना निदान ७२ तास थांबायला सांगतात, आणि एनएसई लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तरी जोडीला दुसरी वाईट खूण मागतात, उदाहरणार्थ बुबुळांनी प्रकाशाला प्रतिसाद न देणं.

त्यात आणखी एक मेख आहे. एनएसई तांबड्या पेशींतही असतं. रक्त काढताना किंवा नेताना त्या पेशी फुटल्या, तर मेंदू शाबूत असूनही आकडा फुगतो. नळी फिरवून रक्त खाली बसवल्यावर वरचा द्रव पिवळसर असायला हवा. तो गुलाबी दिसला, तर त्या नमुन्यावर निर्णय करायचा नाही, रक्त पुन्हा मागवायचं.