साठ घोडे आणि मे महिन्याचं ऊन

मराठवाड्यात दोन सीटांची गाडी दारात उभी केली की येणारा-जाणारा दोन प्रश्न विचारतो. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "मग लेकरं कुठं बसवायची?" दुसऱ्याला उत्तर नाही. पहिल्याचं उत्तर मात्र नीट द्यायला बसलं, तर अख्ख्या गाडीचं विज्ञान त्यात येतं.

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. जुन्या पद्धतीचं छोटं इंजिन त्यातली जेमतेम पाव हिस्सा, फार तर तीस टक्के ऊर्जा चाकांच्या कामी लावतं. बाकी सगळी उष्णता. ढोबळमानानं तिचा अर्धा भाग सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या भिंतींतून कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या गार ठेवणाऱ्या द्रवात, उतरतो. तो रेडिएटरला हवेत सोडावा लागतो. म्हणजे स्पोर्ट्स कार हे आधी उष्णता तयार करणारं यंत्र, आणि पळणं हा तिचा जोडधंदा. गाडी घरी मॉडिफाय करायला घेणारी पोरं इंजिनापासून सुरुवात करतात. आपल्या भागात ती रेडिएटरपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला सॅन स्टॉर्म घेऊ. गोव्यात बनलेली ही दोन सीटांची उघडी गाडी १९९८ मध्ये आली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, ताकद सुमारे ६० हॉर्सपॉवर. आजच्या हिशोबानं हा आकडा हसण्यासारखा वाटेल, पण गाडी हलकी आणि बुटकी असल्यानं चालवताना तो कमी वाटत नाही. आता ती बनत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना पानं-पकड हातात घेण्यावाचून गत्यंतर नाही. पुढचं सगळं झेन, पालिओ किंवा जुन्या होंडा सिटीच्या मालकांनाही तसंच लागू आहे.

साठ हॉर्सपॉवर म्हणजे ४५ किलोवॅट. इंजिन पूर्ण ताकद देत असेल तेव्हा जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमध्येही जाते. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. असे वीस-बावीस गिझर एकदम चालू आहेत आणि ती सगळी उष्णता एका पेटीएवढ्या जाळीतून बाहेर काढायची आहे, असं समजा. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५ चा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४३ वर जातो, तेव्हा हाच फरक ४७ वर येतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण त्याची क्षमता सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांनी घटलेली. युरोपच्या हवेत आखलेल्या इंजिनाला ही घट फार जाणवते.

त्यात आपण बोअरचं पाणी ओततो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असतात. पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होऊन गरम पृष्ठभागावर बसतं. बादलीतल्या हीटरच्या रॉडवर पांढरा थर चढतो तोच. हा क्षार ॲल्युमिनियमच्या तुलनेत शंभरेक पटीनं कमी उष्णता वाहून नेतो, त्यामुळे नळीत आतून नखभर थर बसला तरी बाहेरून झळाळणारा रेडिएटर निम्मा बाद झालेला असतो. उपाय स्वस्त आहे. डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी आणि बरोबर प्रमाणात कूलंट. कूलंटमधलं ग्लायकॉल थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून लागतं. इथं ती भीती नाही, पण त्यातली गंजरोधक रसायनं आणि वाढलेला उत्कलनबिंदू आपल्याला हवाच असतो. उलट नुसतं ग्लायकॉल जास्त ओतणंही चूक, कारण उष्णता सामावून घेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. कंपनीनं दिलेलं प्रमाण पाळलं की वाद मिटतो.

रेडिएटरचं झाकण ही या व्यवस्थेतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी इथं ९८ अंशांलाच उकळतं. झाकणावर ०.९ असा आकडा असतो. त्याचा अर्थ, आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.९ बारनं वाढेपर्यंत झाकण उघडणार नाही. त्या दाबाखाली तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं, दाब धरेनासा झाला, की ही वीस अंशांची सवलत गेली. गरम गाडीचं झाकण उघडू नये याचंही कारण हेच. १०५ अंशांचं पाणी दाब सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

फायबरग्लासच्या गाडीत आणखी एक गंमत आहे, आणि ती भल्याभल्या मिस्त्रींना चकवते. पत्र्याच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडलेली असते, म्हणून दिवा असो की पंखा, परतीची वीज पत्र्यातूनच फिरते. फायबरग्लासमधून वीज जात नाही. प्रत्येक उपकरणाची अर्थिंगची वायर वेगळी ओढून खालच्या लोखंडी चासीला बांधावी लागते. तो बोल्ट गंजला आणि जोडात एक दशांश ओहमचा जरी अडथळा आला, तरी बारा अँपिअर खेचणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याला सव्वा व्होल्ट कमी मिळतात. पंखा फिरताना दिसतो, पण हळू फिरतो. गाडी क्रांती चौकाच्या सिग्नलला तापते, कारण उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचाच, आणि बीड बायपासवर पळताना गार राहते. मग मालक थर्मोस्टॅट बदलतो, वॉटर पंप बदलतो, शेवटी रेडिएटर बदलतो. मल्टिमीटरची एक टोचणी पंख्याच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून, पंखा चालू असताना व्होल्ट मोजले असते तर पॉलिश पेपरच्या एका तुकड्यावर काम भागलं असतं. घरी गाडी सांभाळणाऱ्यानं पान्यांच्या आधी मल्टिमीटर घ्यावा.

आता इंजिन. इंजिन पेट्रोल हवं तेवढं घेऊ शकतं. टंचाई हवेची असते. हवा तापली की विरळ होते: २० अंशांच्या तुलनेत ४३ अंशांची हवा सात टक्क्यांनी पातळ. त्यात आपल्या पठाराच्या उंचीमुळे हवेचा दाब साडेसहा टक्क्यांनी कमी. दोन्ही धरले तर समुद्रकाठच्या थंड सकाळी ६० घोडे देणारं इंजिन मे महिन्याच्या दुपारी इथं ५२ च्या आसपास येतं. आठ घोडे उन्हानं आणि उंचीनं खाल्ले. कसलाही बिघाड नाही.

अशा वेळी लोक काय करतात, तर कंपनीची एअर फिल्टरची बंद पेटी काढून तिथं शंकूच्या आकाराचा चकचकीत उघडा फिल्टर बसवतात. ती पेटी आणि तिची नळी बंपरजवळची बाहेरची हवा आणण्यासाठी असते. उघडा फिल्टर बोनेटखालची ६०-६५ अंशांची हवा ओढतो आणि आणखी सहा-सात टक्के ताकद घालवतो. आवाज मात्र झकास येतो, म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं. आमच्या ओळखीचे एक चाचा आयुष्यभर गॅरेजमध्ये राबले. असा फिल्टर बसवून आलेल्या पोराला ते म्हणाले, "आवाज वाढला बगा भैय्या, गाडी नाही वाढली." शिवाय आपल्या रस्त्यांवर खडी क्रशरची धूळ असते. बेसाल्टमधली खनिजं बिडाच्या लोखंडापेक्षा कठीण, ती सिलिंडरमध्ये गेली की भिंती घासून काढतात. कंपनीची पेटी ठेवावी, कागदी फिल्टर वेळेवर बदलावा, आणि जमलं तर एक्झॉस्टच्या नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळून बोनेटखालचं तापमान उतरवावं. पट्टी दिसत नाही, त्यामुळे तिचं कौतुक होत नाही.

जुन्या गाडीला पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही विचार करावा लागतो. लातूर-धाराशिवच्या उसाशी आपलं नातं जवळचं असलं तरी १९९८ च्या रबरी नळ्यांचं त्याच्याशी जमेलच असं नाही. काही जुनी रबरं इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात, भेगाळतात, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळ झिरपायला लागली तर गाडीच हातची जाते. इथेनॉलला दाद न देणाऱ्या फ्लुओरोरबरच्या नळ्या घालाव्यात. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असल्यामुळे वीस टक्के मिश्रणात ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घसरणं हे साधं गणित आहे. त्याबद्दल मेकॅनिकशी भांडू नये.

टायरबद्दल एक सल्ला इतका पसरला आहे की तो देणारे आता पंपावरचे हवावालेसुद्धा आहेत: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा. हा सल्ला उलटा आहे. बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो हे खरं. ३२ पीएसआयच्या टायरमध्ये दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय वाढ होते. सकाळी २८ अंशांवर मोजलेला टायर महामार्गावर ६८ अंशांपर्यंत तापला तर ३८ दाखवणार, आणि टायर बनवणाऱ्यानं ही वाढ आधीच हिशोबात धरलेली असते. पण टायर तापतो कशानं? उन्हानं थोडा आणि स्वतःच्या लवण्यानं जास्त. प्रत्येक फेऱ्यात रबर दबतं, पुन्हा उठतं, आणि दाबताना घातलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. उरलेली उष्णता होते. हवा कमी म्हणजे लवणं जास्त, लवणं जास्त म्हणजे उष्णता जास्त. समृद्धी महामार्गावर जालन्यापासून ताशी १२० नं तासभर सरळ गेलं की कमी हवेचा टायर स्वतःला आतून शिजवत असतो. हवा सकाळी, गाडी उभी असताना, कंपनीनं सांगितली तेवढी भरावी आणि गरम टायरची हवा कधीही सोडू नये. नायट्रोजननं फार फरक पडत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. वर्षानुवर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. तो वाचावा.

गाडी खाली बसवण्याचा शौक काळ्या मातीनं आपोआप सुटतो. या मातीतली स्मेक्टाइट गटाची खनिजं पावसात पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. वरचा डांबरी रस्ता त्याबरोबर वर-खाली होऊन लाटा घेतो. स्प्रिंग कापून गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली तर चाकाला वर जायला जागा तेवढीच कमी उरते, आणि सिल्लोडकडच्या रस्त्यावर पहिल्याच लाटेला ती संपते. त्या पैशात चांगले शॉकॲब्सॉर्बर आणि सांध्यांतले नवे रबरी बुश टाकले तर गाडी वळणावर जास्त विश्वासानं बसते.

खरा खर्च ब्रेकवर करावा. दोन माणसांसह ९०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवताना सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते, आणि तिचा मोठा हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. दोन्ही मिळून आठेक किलो लोखंड धरलं तर एका थांबण्यात त्या ६०-७० अंशांनी तापतात. कन्नडचा औट्रम घाट उतरताना थंड व्हायला वेळ न देता हे वारंवार घडतं. उष्णता पॅडमधून ब्रेक ऑईलपर्यंत पोचते. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं: डॉट ४ दर्जाचं नवं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण चारेक टक्क्यांच्या आत पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडे दाबले जातात, म्हणून पॅडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑईल बदलणं हे घरी करता येण्यासारखं काम आहे. फक्त पॅडल मारायला दुसरं माणूस लागतं, आणि "दाब... धर... सोड" हे तीन शब्द दुपारभर ऐकण्याइतकं ते माणूस सोशीक हवं. गाडी उचलताना जॅकखाली शहाबादी फरशीचा जाड तुकडा किंवा लाकडी फळी ठेवावी, कारण आपल्या अंगणातली माती ओली असली तर जॅक खचतो. आणि घोडी, म्हणजे जॅक स्टँड, लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नये.

एवढं सांगून झाल्यावरही कुणीतरी टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, विचारतंच. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे इथं हवा तो फ्लँज, हवा तो मॅनिफोल्ड घासून देणारे टर्नर आहेत, त्यामुळे बसवणं अवघड नाही. पण ६० चे ९० घोडे केले की रेडिएटरवर पडणारी उष्णताही दीडपट होते, आणि मे महिन्यात ती टाकायला तो आधीच अपुरा आहे. आत जाणारी हवा दाबल्यामुळे आणखी तापते, मग पेट्रोल वेळेआधी भडकून इंजिन ठोकायला लागतं. कायद्याची बाजू वेगळीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या वेळी असलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नव्या नळ्या, नवं कूलंट, दाब धरणारं झाकण, घासून पुसून घट्ट केलेली अर्थिंग आणि ताजं ब्रेक ऑईल यांसाठी आरटीओत जावं लागत नाही.