पेइचिंगचा पतंग, हाकोदातेचा वकील

जपानीत ‘मोमो’ म्हणजे पीच आणि ‘सुझुमे’ म्हणजे चिमणी. पण मोमोसुझुमे हा पक्षी नव्हे, पतंग म्हणजे फुलपाखरासारखा कीटक आहे. जाड अंगाच्या, वेगाने उडणाऱ्या या पतंगांच्या कुळाला इंग्रजांनी ससाण्याचं नाव दिलं आणि हॉकमॉथ म्हटलं. चिन्यांनी त्यांना आभाळातले पतंग केलं, तर जपान्यांना त्यांच्यात चिमणी दिसली. मोमोसुझुमेचं शास्त्रीय नाव मारुम्बा गाश्केविची एकेफ्रॉन. तीन शब्दांच्या या नावात पहिला शब्द गणाचा, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचा, मधला प्रजातीचा, शेवटचा उपप्रजातीचा.

मधला शब्द एका माणसाचा आहे. योसिफ गोश्केविच 1840 च्या दशकात पेइचिंगच्या रशियन धर्मप्रचारक मंडळात होता. मंडळाचा डॉक्टर तातारिनोव्ह आणि तो, दोघांनी शहराच्या आसपास पकडलेली फुलपाखरं आणि पतंग पुढे ब्रेमर आणि ग्रे या कीटकतज्ज्ञांच्या हाती पडले. त्यांनी 1853 मध्ये एका पतंगाला गोश्केविचचं नाव दिलं, दुसऱ्या हिरव्या पतंगाला तातारिनोव्हचं. ‘गो’चा ‘गा’ कसा झाला? रशियनमध्ये आघात नसलेला ‘ओ’ बोलताना ‘आ’सारखा होतो. कानाला आलं तसं लिहिलं गेलं असावं आणि पहिलं छापील रूपच टिकलं.

गोश्केविच पुढे दुभाषा म्हणून जपानला गेला. 1857 मध्ये ताचिबाना कोसाईबरोबर त्याने जपानी-रशियन शब्दकोश काढला आणि 1858 मध्ये तो होक्काइदो बेटावरच्या हाकोदाते इथे रशियाचा पहिला वकील, म्हणजे कॉन्सल, झाला. म्हणजे त्याच्या नावाच्या पतंगाची जपानी उपप्रजाती जिथे उडते, तिथेच तो राहत होता. फक्त तिला तेव्हा नाव नव्हतं. 1875 मध्ये फ्रेंच कीटकतज्ज्ञ बोआदुवालने तिला एकेफ्रॉन म्हटलं, तेही स्वतंत्र प्रजाती समजून. गोश्केविच त्याच वर्षी वारला.

या प्रजातीच्या इतर रूपांचंही असंच. ब्रिटिश म्युझियमच्या वॉकरने 1865 मध्ये चीनमधल्या एका पतंगाला कॉम्प्लासेन्स हे नाव दिलं, जर्मन कीटकतज्ज्ञ श्टाउडिंगरने 1887 मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडच्या पतंगाला कार्स्टान्येनी. आपापल्या पेटीतला पतंग पाहिला की नवी प्रजाती जाहीर, असा तो काळ. 1903 मध्ये रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन यांनी अख्ख्या हॉकमॉथ कुळाची फेरमांडणी केली आणि अशी प्रदेशागणिक बदलणारी रूपं उपप्रजाती म्हणून एका प्रजातीखाली मांडायची रीत या कुळात रुळली. तैवानच्या रूपाला क्लार्कने 1937 मध्ये ग्रेसिटी हे नाव दिलं, तेव्हा ते थेट उपप्रजातीचंच होतं.

आता वाटणी ढोबळमानाने अशी: मूळ रूप उत्तर चीनमध्ये, कॉम्प्लासेन्स त्याच्या दक्षिणेला, कार्स्टान्येनी कोरिया, ईशान्य चीन आणि लगतच्या रशियात, एकेफ्रॉन जपानात होक्काइदोपासून क्युशूपर्यंत. फरक मुख्यतः रंगछटांचा आणि पंखांवरच्या पट्ट्यांचा. तपकिरी पुढचे पंख, गुलाबीसर मागचे पंख आणि त्यांच्या आतल्या कोपऱ्यात काळे ठिपके, ही ठेवण सगळीकडे तीच. अळीही तशीच: हिरवी, कुशीवर तिरप्या रेघा, शेपटाशी शिंग. पीच, प्लम, चेरी यांच्या पानांवर ती वाढते आणि मातीत कोष करते.

मारुम्बा हे गणनाम मात्र आपल्या बाजूचं. 1882 मध्ये मूरने श्रीलंकेच्या पतंगांवर लिहिताना ते बांधलं, डायरस या प्रजातीवरून. डायरस भारतातही आढळतो.