टकीला, मेस्काल आणि घायपाताच्या कुळातले मद्य: पार्श्वभूमी

टकीला आपल्याकडे पोहोचली ती मीठ आणि लिंबाच्या फोडीसह, बारच्या काउंटरवरून. मेस्काल तिच्या बऱ्याच नंतर, महागड्या कॉकटेलच्या यादीतून आले. त्यामुळे टकीला हे मूळ मद्य आणि मेस्काल ही त्याची धुरकट चवीची आवृत्ती, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. मेक्सिकोत अगावे या वनस्पतीपासून गाळलेल्या मद्याला गावोगावी मेस्कालच म्हणत, आणि हालिस्को प्रांतातल्या टकीला गावाचे मेस्काल हा त्यातला एक नावाजलेला प्रकार होता. आज या दोहोंमध्ये जी भिंत दिसते ती वनस्पतीने किंवा चवीने जेवढी घातली, त्याहून अधिक ती बाजाराने आणि सरकारी अधिसूचनांनी घातली आहे.

महाराष्ट्रात शेताच्या बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला दिसणारे, वाखासाठी उपयोगी पडणारे घायपात याच कुळातले असून त्याचे मूळ घर मेक्सिकोच आहे. अगावे अनेक वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच उंच दांड्यावर फुलते आणि मरते. त्या एका फुलोऱ्यासाठी ते वर्षानुवर्षे साखरेचा साठा करते. म्हणून मद्य करणारे शेतकरी दांडा वर येऊ लागताच तो छाटतात, आणि साठा बुंध्यातच राहतो. पाने तासली की उरणारा हा गड्डा अननसासारखा दिसतो आणि त्याला ‘पिन्या’, म्हणजे अननसच, म्हणतात. मात्र त्यातले पिष्टमय पदार्थ कच्च्या स्थितीत सहज आंबत नाहीत. दीर्घकाळ उष्णता दिली तरच त्यांचे गोड, आंबण्याजोग्या साखरेत रूपांतर होते. जमिनीतल्या खड्ड्यात गड्डे भाजून खाण्याची रीत मेक्सिकोत हजारो वर्षांची आहे. पुल्के हे प्राचीन पेय मात्र वेगळे: ते जिवंत झाडाच्या गाभ्यात साचणारा रस आंबवून करतात, गाळत नाहीत.

गाळण्याची विद्या कोठून आली, याच्या उत्तरात स्पॅनिश लोकांचे नाव नेहमी येते. 1521 मध्ये अझ्टेक राजधानी पडली आणि अरबांकडून युरोपात गेलेले तांब्याचे भांडे त्यांच्याबरोबर आले, हे खरेच. पण दुसरी वाट पॅसिफिक महासागरावरून येते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. 1565 पासून 1815 पर्यंत फिलिपिन्समधले मनिला आणि मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आकापुल्को बंदर यांच्यामध्ये स्पॅनिश जहाजे ये-जा करत. त्यांवरून आलेल्या फिलिपिनो लोकांनी त्याच बाजूच्या कोलिमा प्रांताच्या किनाऱ्यावर माडाची ताडी काढणे आणि ती गाळणे सुरू केले. त्यांची भट्टी साधी होती: पोकळ केलेले खोड, वर थंड पाण्याचे भांडे आणि त्याच्या तळाशी जमून ठिबकणारा अर्क आतल्या आत झेलून बाहेर नेणारी नळी. माडाच्या दारूमुळे स्पेनहून येणाऱ्या मद्याचा खप घटतो, म्हणून वसाहतीच्या सरकारने तिच्यावर बंदी घातली. तोवर ही भट्टी आसपासच्या डोंगराळ मुलखात अगावेसाठी वापरात आली होती, अशी मांडणी अनेक अभ्यासक करतात.

अगावेचे मद्यही त्या धोरणातून सुटले नाही. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने 1785 मध्ये स्थानिक मद्यांवर बंदी आणली. त्याच्या वारसाने दहाच वर्षांत, 1795 मध्ये, टकीला परिसरातल्या क्वेर्वो घराण्याला उत्पादनाचा परवाना दिला. परवाना मिळालेला प्रदेश पुढे गेला आणि बाकीचे डोंगरात लपून गाळत राहिले. 1873 मध्ये सेनोबियो साउसा यांनी आपला कारखाना काढून अमेरिकेत माल धाडायला सुरुवात केली, 1888 मध्ये हालिस्कोची राजधानी ग्वादालाहाराला रेल्वे आली, आणि मागणीबरोबर पद्धत बदलली. खड्ड्याऐवजी विटांच्या बंद भट्ट्यांत वाफेवर गड्डे शिजू लागले, त्यामुळे धुराची चव गेली. अनेक जातींऐवजी लवकर तयार होणाऱ्या निळ्या अगावेचीच लागवड होऊ लागली. फुलोरा येऊच न देता मुळाशी फुटणारी पिल्ले लावत राहिल्याने ही शेते जवळजवळ एकाच झाडाच्या नकला आहेत, आणि रोग पडला की सर्वांनाच पडतो.

1974 मध्ये मेक्सिकोने ‘टकीला’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. गंमत अशी, की 1977 मध्ये त्या हद्दीत दूर मेक्सिकोच्या आखाताकडचा तामाउलिपास प्रांतही काही प्रमाणात आला. शिवाय नियमाप्रमाणे निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे 51 टक्के, साखर अगावेची असली तरी ती टकीलाच. उरलेली उसाची किंवा अन्य चालते. म्हणून बाटलीवर ‘100 टक्के अगावे’ हे शब्द आहेत का, हे नवशिक्याने पहिल्यांदा पाहावे.

याच काळात दक्षिण मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातल्या सांता कातारिना मिनाससारख्या गावांत काम जुन्याच रीतीने चालू राहिले. खड्ड्यात लाकडे पेटवून दगड लाल होईपर्यंत तापवतात, त्यावर गड्डे रचून मातीने झाकतात आणि काही दिवस तसेच ठेवतात. भाजलेले गड्डे लाकडी मोगरीने कुटतात. इतरत्र घोडा किंवा खेचर जुंपून दगडी चाक फिरवतात. चोथ्यासकट लगदा लाकडी पिंपात हवेतल्याच यीस्टवर आंबतो आणि मग मातीच्या मडक्यांतून दोनदा गाळला जातो. मद्याचा जोर अनुभवी हात बोरूच्या नळीने पाहतो: नळीत ओढलेले मद्य तुंब्याच्या वाटीत सोडले की वर मोत्यांसारखे बुडबुडे उठतात. ते एकसारखे येऊन कडेला टिकून राहिले तर जोर बरोबर. भुर्रकन फुटले तर मद्य एकतर फिके किंवा फारच कडक. बाटलीतली अळी या रीतीचा भाग नाही. ती विसाव्या शतकाच्या मध्याला विक्रीसाठी काढलेली युक्ती आहे.

मेस्कालला संरक्षण मिळाले ते 1994 मध्ये, आणि 2017 मध्ये आलेल्या मानकाने त्याचे तीन वर्ग केले: नुसते मेस्काल, ‘आर्तेसानाल’ (हस्तकारागिरीचे) आणि ‘आन्सेस्त्राल’ (पूर्वजांच्या रीतीचे). शेवटच्या वर्गात मातीची मडकी वापरावी लागतात आणि चोथाही भांड्यात जावा लागतो. वर उल्लेखलेले काम त्यातच बसते. पण हद्दीबाहेरच्या गावांना, आणि तपासणीचा खर्च न परवडणाऱ्या लहान भट्टीवाल्यांना, पिढ्यान्‌पिढ्यांचा तोच शब्द लेबलावर छापणे बंद झाले. ते ‘अगावेचे गाळीव मद्य’ एवढेच लिहितात. मधल्या काळात अशा मद्याला सक्तीने ‘कोमिल’ म्हणावे असा प्रस्ताव आला होता. उत्पादक, अभ्यासक आणि बारवाले यांच्या विरोधामुळे तो मागे पडला. उत्तरेकडच्या सोनोरा प्रांतातल्या बाकानोराची कहाणी याहून कठोर आहे. 1915 मध्ये तेथे ते गाळणेच गुन्हा ठरले, बंदी 1992 मध्ये उठली, आणि 2000 मध्ये त्याच मद्याला सरकारने संरक्षित नावाचा मान दिला.

संरक्षित नावाचा हा नियम मेक्सिकोबाहेरही लागतो. दख्खनच्या पठारावरचे घायपात भाजून, आंबवून, आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात गाळलेले देशी मद्य 2011 च्या सुमारास प्रथम गोव्यात विक्रीला आले. वनस्पतीचे कूळ तेच आणि कृतीही जवळपास तीच असली, तरी त्याच्या लेबलावर टकीला किंवा मेस्काल यांपैकी कोणताही शब्द छापता येत नाही.