कॅटेगरीचा रकाना आला कुठून?

वडापाव आणि शेजारी कटिंग चहा, असा एक साधा फोटो घ्या. फोटो विकणाऱ्या शटरस्टॉक या साइटवर तो चढवताना डोकं खाजवावं लागत नाही, कारण तिथे खाणं आणि पेयं एकाच कॅटेगरीत आहेत. अडोबी स्टॉक या तशाच दुसऱ्या साइटवर मात्र गाडी अडते. तिथल्या २१ कॅटेगऱ्यांत पेयं ४ नंबरवर आहेत, खाद्यपदार्थ ७ नंबरवर आणि निवडता येते एकच. मग वडापाव मोठा दिसतोय म्हणून ७ टाकायचा आणि पुढचा फोटो घ्यायचा. याच फोटोला चाळीसेक कीवर्ड मात्र खुशाल देता येतात. शोधणारे कीवर्ड टाकूनच शोधतात, तरी हा एका उत्तराचा रकाना टिकून आहे. त्याचं मूळ इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १९१५ साली चित्रांचा वेगळा विभाग सुरू केला. मासिकांतून, जुन्या पुस्तकांतून कापलेली चित्रं विषयवार फोल्डरमध्ये ठेवायची आणि मागेल त्याला पुस्तकासारखी घरी न्यायला द्यायची, अशी पद्धत. रोमाना जाविट्झ यांनी १९२९ ते १९६८ हा विभाग सांभाळला. आज तिथे बारा हजारांहून जास्त विषय आहेत, आणि त्यांत ‘हस्तांदोलन’, ‘पाठमोऱ्या आकृती’ असलेही फोल्डर आहेत. जाहिरातीचं चित्र काढणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. चित्रकार कोण, साल कोणतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

चित्रं भाड्याने देण्याचा धंदा याच काळात उभा राहत होता. फिलाडेल्फियात एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांची एजन्सी १९२० पासूनची. लाइपझिगमध्ये जन्मलेले ओट्टो बेटमन बर्लिनच्या ग्रंथालयात होते. ज्यू म्हणून १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली. १९३५ साली ते चित्रांनी भरलेल्या दोन ट्रंका घेऊन न्यूयॉर्कला पोहोचले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बेटमन आर्काइव्ह सुरू केलं. लंडनमध्ये ‘पिक्चर पोस्ट’ साप्ताहिकाच्या फोटोंचा ढीग एवढा वाढला, की मालक एडवर्ड हल्टन यांनी १९४५ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या चार्ल्स गिब्ज-स्मिथ यांना वर्गीकरणाचं काम दिलं. त्यांची पद्धत पुढे त्या म्युझियमनेही उचलली.

पण ‘एका फोटोला एकच जागा’ हा नियम खरा घट्ट केला तो कपाटांनी. ३५ मिलिमीटरची स्लाइड, म्हणजे फिल्मवरचा पारदर्शक फोटो, पुठ्ठ्याच्या चौकटीत असायची आणि चौकटीवर बारीक अक्षरात मजकूर. ती एका वेळी एकाच खणात राहणार. दुसऱ्या विषयाखालीही हवी असेल तर डुप्लिकेट काढा, म्हणजे खर्च आला. ग्राहक फोनवर सांगायचा, एजन्सीतलं माणूस खण उघडून स्लाइडी निवडायचं आणि कुरिअरने पाठवायचं. ‘कुटुंब’ या खणात जे नसेल, ते त्या ग्राहकाच्या लेखी जगातच नसे. पुढे एजन्सींचे जाडजूड छापील कॅटलॉग आले. त्यांची प्रकरणंही हीच: उद्योग, कुटुंब, प्रवास, आरोग्य. मग फोटोग्राफरही ती प्रकरणं भरण्यासाठी फोटो काढू लागले. उद्योग म्हटलं की सूट-टाय आणि हात मिळवणं, हे माझ्या मते इथेच मुरलं. गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये लीन इन या संस्थेबरोबर स्त्रियांच्या अडीच हजार प्रतिमांचा वेगळा संग्रह काढला, तो अशाच ठरीव चित्रांना उतारा म्हणून.

वृत्तसंस्थांच्या तारेवरून आलेला धागा वेगळा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयपीटीसी या वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने फोटोच्या फाइलमध्येच माहिती भरण्याचं मानक ठरवलं. त्यात कॅटेगरीचा रकाना होता फक्त तीन अक्षरांचा! तो केव्हाच बाद झाला. शीर्षक आणि कीवर्ड फाइलमधून आपोआप उचलले जातात, पण कॅटेगरी प्रत्येक साइटवर वेगळी भरावी लागते, कारण प्रत्येकीची यादी स्वतःची.

या याद्या मायक्रोस्टॉकच्या, म्हणजे कुणाचेही फोटो इंटरनेटवर स्वस्तात विकणाऱ्या साइटींच्या काळात पक्क्या झाल्या. आयस्टॉकफोटो २००० साली आलं, शटरस्टॉक २००३ साली, तेही संस्थापक जॉन ओरिंगर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे तीस हजार फोटोंवर. फोटोलिया ही कंपनी अडोबीने ८० कोटी डॉलरला घेतली आणि २०१५ मध्ये अडोबी स्टॉक उघडलं. आता घरबसल्या कुणीही विक्रेता झाला आणि खणात फोटो लावण्याचं एजन्सीतल्या माणसाचं काम फुकटात त्याच्याच गळ्यात पडलं. अडोबी आता कॅटेगरी स्वतःच सुचवतं, पण ती बघून घ्यावी.

आपल्याकडच्या फोटोंना या याद्या तोकड्या पडतात, कारण त्या आपल्यासाठी केलेल्याच नव्हत्या. गिरगाव चौपाटीवरचं विसर्जन घ्या. अडोबीवर १५ नंबर, म्हणजे संस्कृती आणि धर्म, तिथे प्रश्न मिटतो. शटरस्टॉकवर दोन कॅटेगऱ्या देता येतात. त्यात धर्म पहिली आणि सण-सुट्ट्या दुसरी हे बरं, कारण ‘माणसं’ म्हणून टाकलात तर तुमचा बाप्पा हसऱ्या चेहऱ्यांच्या पोर्ट्रेटमध्ये जाऊन बसेल. आणि गर्दीतले चेहरे ओळखू येत असतील, त्यांची मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायची लेखी परवानगी, नसेल, तर कॅटेगरी कोणतीही द्या, शटरस्टॉकवर फोटो एडिटोरियल म्हणूनच, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर बातमी-लेखांपुरता, पाठवावा लागतो.