'नवी जाती सापडली' म्हणजे नेमकं काय झालं? कोळी-विंचवांच्या नामकरणाची पार्श्वभूमी

2021 च्या जूनमध्ये ठाण्यातून एक बातमी आली. उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला अभ्यासकांनी नाव दिलं होतं आयसियस तुकारामी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ कसाबची रायफल धरून ठेवणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून. बातमी घरोघरी पोचली, लोकांनी एकमेकांना पाठवली, ते योग्यच झालं. पण त्या वेळी ओळखीच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि तो अगदी रास्त होता: हा कोळी तर ठाण्यात आधीपासूनच होता, मग तो 'सापडला' कसा?

त्याचं उत्तर द्यायचं तर मागं जावं लागतं, थेट अठराव्या शतकातल्या स्वीडनपर्यंत.

त्याआधी शब्दांचा एक गुंता सोडवून घेऊ. आपली वर्तमानपत्रं 'नवी प्रजाती' असं छापतात. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींवरच्या नोंदी पाहिल्या तर तिथं 'प्रजाती' म्हणजे अनेक जातींना सामावणारा वरचा गट. एकच शब्द दोन पायऱ्यांसाठी वापरला की वाचणाऱ्याचा घोटाळा होणारच. म्हणून या टिपणात वरच्या गटाला 'वंश' आणि त्याच्या पोटातल्या प्रत्येकीला 'जाती' म्हटलं आहे. आयसियस हा वंश, तुकारामी ही जाती.

प्राण्यांना असं जोडनाव देण्याची पद्धत कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गअभ्यासकानं रुळवली. त्याच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती 1758 साली निघाली आणि प्राण्यांच्या नावांची मोजणी तिथून धरतात. त्याआधीची नावं नियमात बसत नाहीत. याला अपवाद एकच, आणि तो कोळ्यांचा. स्टॉकहोममध्ये करखात्यात नोकरी करणाऱ्या कार्ल क्लर्क या माणसानं 1757 साली स्वीडनच्या कोळ्यांवर रंगीत चित्रांसह एक पुस्तक काढलं होतं. त्यातलं काम इतकं नेटकं होतं की पुढं नियम करणाऱ्यांना ते बाजूला सारवेना. मग त्यांनी ठरवलं की क्लर्कचं पुस्तक 1 जानेवारी 1758 रोजी निघालं असं मानायचं आणि त्यातल्या नावांना खुद्द लिनियसच्या आधीचा मान द्यायचा. युरोपातल्या बागांमध्ये दिसणाऱ्या, पाठीवर पांढरी फुली असलेल्या कोळ्याला आजही क्लर्कनं दिलेलं नावच चालतं: अरेनियस डायाडेमेटस. करवसुलीच्या नोकरीत राहून कोळ्यांची चित्रं काढून घेणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते.

खुद्द लिनियसला मात्र बिनकण्याच्या प्राण्यांत फारसा रस नसावा. त्यानं प्राण्यांचे सहा वर्ग केले. सस्तन, पक्षी, उभयचर-सरपटणारे आणि मासे असे चार वर्ग कण्याच्या प्राण्यांना दिले आणि उरलेल्या अफाट सृष्टीला फक्त दोन, कीटक आणि कृमी. कोळी आणि विंचू त्यानं कीटकांत घातले, आणि गोगलगाय, गांडूळ, जेलीफिश असं बाकीचं सगळं 'कृमी'त गेलं. घर आवरताना कुठं ठेवावं ते न सुचलेल्या वस्तू आपण एका पेटीत टाकतो, तशी ती पेटी होती. ती उपसायचं काम पॅरिसमध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं केलं. 1793 साली तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात त्याच्याकडं 'कीटक आणि कृमी' हा कोणालाच नको असलेला विभाग आला, तेव्हा त्याची पन्नाशी जवळ आली होती. 'अपृष्ठवंशी', म्हणजे बिनकण्याचे प्राणी, ही कल्पना त्याची. आठ पायांच्या कोळी-विंचवांना सहा पायांच्या कीटकांपासून वेगळं काढून त्यांचा स्वतंत्र वर्गही त्यानंच केला.

आता आपल्याकडं येऊ. लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस यानं 1798 साली भारतातल्या एका विंचवाचं वर्णन छापलं आणि त्याला 'टॅम्युलस' असं नाव दिलं. नावातच तमिळ मुलूख दिसतो. पण हा विंचू कोकणानं फार जवळून पाहिला आहे, कारण तोच आपला लाल विंचू. भातकापणीत, गवताच्या भाऱ्यात, वळचणीला, चपलेत सापडणारा. त्याच्या दंशानं रायगड-रत्नागिरीत किती पोरं गेली, याच्या आठवणी जुन्या माणसांकडं आहेत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या दंशावर वापरलं आणि 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिलं. त्यानंतर कितीतरी जीव वाचले.

या विंचवाचं नाव जुन्या वैद्यकीय लेखांत ब्यूथस टॅम्युलस असं दिसतं, नंतरच्या लेखांत मेसोब्यूथस टॅम्युलस, आणि 2007 च्या फेरतपासणीनंतर हॉटेन्टोटा टॅम्युलस. विंचू तोच. अभ्यास पुढं गेला तसा त्याचा वंश बदलत गेला, कारण वंश म्हणजे 'यांचं नातं जवळचं' असं अभ्यासकाचं मत. जातीचं नाव मात्र हललं नाही. आपल्याकडं लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललं तरी घरातलं नाव तेच राहावं, तसं. आणि माहेरची आठवण ठेवायचीही सोय आहे. जातीचा वंश बदलला की मूळ वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात लिहितात: हॉटेन्टोटा टॅम्युलस (फॅब्रिशियस, 1798). कंस नसेल तर ती जाती पहिल्या दिवसापासून त्याच घरात आहे असं समजायचं. एवढ्याशा कंसात दोनशे वर्षांची वर्दी असते.

इंग्रजी अमदानीत हे काम सरकारी झालं. ब्लॅनफर्डच्या संपादनाखाली भारताच्या प्राणिसृष्टीची ग्रंथमाला सुरू झाली आणि 1900 साली तिच्यात रेजिनाल्ड पोकॉकचा कोळी-विंचवांवरचा खंड आला. पोकॉक लंडनच्या संग्रहालयात बसून इथून गेलेल्या बरण्या उघडत असे. त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

1899 साली आंध्रातल्या गुत्ती गावी, रेल्वेच्या लाकूडवखारीत एक मोठा केसाळ कोळी सापडला. पोकॉकनं त्याला पोसिलोथेरिया मेटॅलिका असं नाव दिलं. मेटॅलिका म्हणजे धातूसारखा, कारण या कोळ्याचा निळा रंग खरोखर तापवलेल्या पोलादासारखा झळकतो. नमुना एकच होता. त्यानंतर शंभर वर्षं हा कोळी कोणाला दिसला नाही. गुत्तीत तो मुळात राहतच नव्हता, लाकडांच्या ओंडक्यांबरोबर गाडीनं आला होता. 2001 साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, तो पुन्हा सापडला. हा तोच कोळी, हे पक्कं सांगता आलं, कारण पोकॉकनं लिहिलेलं वर्णन आणि त्याचा नमुना मागं होता. आज तो अतिधोक्यात असलेल्या जातींत मोडतो, आणि त्या निळ्या रंगापायीच जगभर हौसेनं पाळण्यासाठी विकला जातो. म्हणून आता काही अभ्यासक अशा जातींचं नेमकं ठिकाण छापायचं टाळतात. मला ते पटतं.

नामकरणाचा कणा हाच: नाव माणसाच्या स्मरणात किंवा पुस्तकात राहत नाही, ते एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. संग्रहालयातली काचेची कुपी, तिच्यात अल्कोहोल, अल्कोहोलमध्ये चार-पाच मिलिमीटरचा कोळी आणि त्याच्याच सोबतीला बुडवलेली कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव, पेन्सिलीनं किंवा न विरघळणाऱ्या शाईनं लिहिलेलं, कारण साधी शाई अल्कोहोलमध्ये पसरते. या नमुन्याला होलोटाइप म्हणतात, मराठीत मूळ नमुना म्हणू. पूर्वी तो नेमून देण्याची सक्ती नव्हती आणि त्यातून बरेच वाद झाले. प्राणिनामांचा आंतरराष्ट्रीय आयोग 1895 साली स्थापन झाला आणि सध्या लागू असलेली नियमावली 1 जानेवारी 2000 पासून अमलात आहे. नव्या जातीचा मूळ नमुना स्पष्ट नेमून द्यावाच लागतो, असं तिनं ठरवलं आहे.

अडचण अशी की आपल्या जुन्या जातींचे कितीतरी मूळ नमुने लंडन-पॅरिसला गेलेले. पश्चिम घाटातला एखादा कोळी नवा आहे असं म्हणायचं तर आधी तो तिथल्या शंभर वर्षं जुन्या कुपीत नाही ना, हे पाहावं लागतं. 1 जुलै 1916 रोजी कोलकात्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली. नेल्सन अ‍ॅनंडेल तिचे पहिले संचालक. तेव्हापासून नमुने देशात राहू लागले. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर बिनय कृष्ण टिकादार यांचं नाव आधी घ्यायला हवं. 1963 साली पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांनी महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतल्या कोळ्यांवर लिहिलं. पुढं ते प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. देशभूषण बस्तवडे यांच्यासोबतचा त्यांचा भारतीय विंचवांवरचा खंड 1983 साली आला. टिकादारांनी वर्णन केलेल्या काही जाती आज दुसऱ्या वंशात गेल्या आहेत, काही आधीच नाव मिळालेल्या निघाल्या. त्यावरून कोणी नाक मुरडू नये. परदेशातले नमुने हाताशी नसताना, पुस्तकांवर आणि पत्रव्यवहारावर भिस्त ठेवून त्यांनी हा पाया घातला.

कोळी नवा की जुना, हे रंगावरून ठरत नाही, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर बसलेला उड्या मारणारा कोळी जरा जवळून पाहा. तोंडापुढं दोन मोठे काळेभोर डोळे, बाजूला आणखी दोन, मागं चार. बोट हलवलं की तो अंग वळवून तुमच्याकडं बघतो. तोंडाजवळ दोन आखूड हातासारखे अवयव असतात, आणि नर असेल तर त्यांची टोकं गुंडा बांधल्यासारखी फुगलेली दिसतात. या फुगीर टोकांची रचना, त्यांवरचे काटे आणि आकडे जातीगणिक वेगळे असतात. मादीच्या पोटाखाली असतं ते जननेंद्रिय, ते कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मऊ भाग विरघळवतात, मग आतल्या नळ्यांची वळणं मायक्रोस्कोपखाली दिसतात. नर-मादीचं हे कुलूपकिल्लीचं गणित म्हणजे कोळ्यांचं ओळखपत्र. त्यामुळं शेवटची कात न टाकलेलं पिल्लू हाती आलं तर अभ्यासकाला हात चोळत बसावं लागतं. आणि नर-मादी दिसायला अगदीच निराळे असल्यामुळं एकाच जातीला दोन नावं पडल्याचे प्रकारही घडले आहेत. तेव्हा आधी छापलेलं नाव राहतं.

नवा वंश करणं त्याहून जोखमीचं. तिथं 'हा वेगळा आहे' एवढं म्हणून भागत नाही. तो ठाऊक असलेल्या कुठल्याच घरात का बसत नाही, हे दाखवावं लागतं, म्हणजे आधी ती सगळी घरं फिरून यावी लागतात. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत सापडलेल्या, अर्धवट शंख वागवणाऱ्या गोगलगायीसाठी 2021 साली वराडिया हा नवा वंश करण्यात आला, जाती आंबोलिएन्सिस. गावाचं नाव असं कायमचं शास्त्रात गेलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं. ठाण्याचा तो कोळी 'सापडला' म्हणजे कोणीतरी तो पहिल्यांदा पाहिला असं नव्हे. आधीच्या सगळ्या वर्णनांशी ताडून, नर-मादीच्या अवयवांची चित्रं काढून, मूळ नमुना नेमून, त्याचं वर्णन छापलं गेलं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार अशा नव्या जातीचे नमुने सरकारनं नेमलेल्या संग्रहात जमा करणंही बंधनकारक आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांचा आकडा 50,000 वर गेला, आणि तो आकडा गाठणारी जातीही उड्या मारणाऱ्या कोळ्याचीच होती, ब्राझीलमधली.

तुकारामी या शब्दातला शेवटचा 'ई' लॅटिन व्याकरणाचा आहे. पुरुषाच्या नावाला तो लावला की अर्थ होतो 'तुकारामचा'. असं नाव वंशाच्या लिंगाप्रमाणं बदलत नाही. आयसियसऐवजी दुसरा वंश ठरला, तरी तुकारामी हा शब्द जसाच्या तसा पुढं जाईल. फक्त वर्णन करणाऱ्यांची नावं आणि 2021 हे साल कंसात जाईल.