एकदा ‘रीड’ केलं, तरी अर्धंच का आलं?

सर्व्हलेटमध्ये (वेब-रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा कोड) कंटेंट-लेंग्थएवढा, म्हणजे रिक्वेस्टने सांगितलेल्या लांबीएवढा, बाइट-ॲरे घ्यायचा, एकदा रीड करायचं आणि पुढे जायचं. आपल्या मशीनवर हे महिनोन्महिने चालतं. सर्व्हरवर गेल्यावर एखादी मोठी रिक्वेस्ट येते, जेसॉन स्वरूपातला डेटा मधेच तुटतो आणि ॲरेच्या शेपटाला नुसती शून्यं दिसतात.

हे दुखणं जावाहून जुनं आहे. टीसीपी हा इंटरनेटवर डेटा नेणारा प्रोटोकॉल (मानक-दस्तऐवज आरएफसी 793, 1981) फक्त बाइटांचा प्रवाह पोचवतो. एक निरोप कुठे संपला हे त्याच्या गावीही नसतं. इथरनेटच्या नेहमीच्या फ्रेममध्ये 1500 बाइट मावतात, म्हणजे 40 हजारांची रिक्वेस्ट तुकड्यांनीच येणार. युनिक्सचं रीड तेव्हा हाताशी असेल तेवढं देऊन मोकळं होतं. 1996 च्या जावाने इनपुटस्ट्रीममध्ये (बाइट वाचायच्या क्लासमध्ये) तोच करार ठेवला: मागितलेल्यापेक्षा कमी मिळू शकतं, प्रवाह संपला की उणे एक. डॉक्युमेंटेशनमध्ये हे पहिल्यापासून लिहिलेलं आहे, पण ते वाचतो कोण!

सुरुवातीच्या सर्व्हलेट एपीआयमध्ये फॉर्म वाचणारी पार्सपोस्टडेटा ही मेथड होती. ती पूर्ण लांबी भरेपर्यंत लूप फिरवायची. म्हणजे एपीआय लिहिणाऱ्यांना खाचखळगे ठाऊक होते. बाकीच्यांनी आपापला लूप लिहायचा होता.

1997 च्या आरएफसी 2068 ने, म्हणजे एचटीटीपी 1.1 ने, चंक्ड पद्धत (बॉडी तुकड्यातुकड्यांनी पाठवायची) आणली आणि लांबी आधी सांगणंच ऐच्छिक झालं. तशा रिक्वेस्टला लांबी सांगणारी गेटकंटेंटलेंग्थ ही मेथड उणे एक देते. त्या आकड्याचा ॲरे मागा, लगेच निगेटिव्हॲरेसाइझएक्सेप्शन ही एरर. मग काहींनी इनपुटस्ट्रीमची अव्हेलेबल मेथड वापरून पाहिली. ते फक्त न अडकता आत्ता किती वाचता येईल याचा अंदाज देतं, त्यामुळे हा उपाय मूळ चुकीपेक्षा वाईट.

दुसरा फटका वेगळाच: फिल्टरमध्ये (सर्व्हलेटच्या आधी चालणारा कोड) कुणी गेटपॅरामीटर करून फॉर्ममधली किंमत मागितली की फॉर्म-पोस्टची बॉडी तिथेच वाचून संपते आणि तुमच्या हाती रिकामा प्रवाह येतो.

बरीच वर्षं कॉमन्स आयओसारख्या लायब्रऱ्यांवर भागलं. रीडऑलबाइट्स आलं 2017 मध्ये, जावा 9 बरोबर. ते संपूर्ण वाचतं, पण मर्यादा विचारत नाही. कुणी दोन जीबी पाठवले तर मेमरी तुमची जाते. जावा 11 मधल्या रीडएनबाइट्सला मर्यादेपेक्षा एक बाइट जास्त मागायचा आणि तो खरंच मिळाला, तर 413 (‘रिक्वेस्ट फार मोठी’ हा एचटीटीपी कोड) देऊन परत पाठवायचं.