ध्रुवीय संशोधन मांडायचं कुठे: 'खुल्या' परिषदांची पार्श्वभूमी

अंटार्क्टिकावरची मोठी परिषद बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये भरते आणि आर्क्टिकवरची मार्च-एप्रिलमध्ये. यात यजमानांच्या सोयीचा भाग थोडाच, बाकी सगळं वेळापत्रक बर्फाचं. दक्षिणेकडचा क्षेत्रकामाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उत्तरेकडचा मुख्यतः जून ते ऑगस्ट. माणसं परत आली की सभागृह भरतं. गोची होते ती गोषवाऱ्याच्या, म्हणजे काय मांडणार त्याच्या आगाऊ सारांशाच्या, मुदतीपाशी. ती परिषदेच्या पाच-सहा महिने आधी संपते. ऑगस्टच्या परिषदेचे गोषवारे मागवले जातात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तेव्हा दक्षिणेतला माणूस जेमतेम परतीच्या जहाजावर चढलेला असतो आणि त्याचे नमुने शीतपेटीत असतात. त्यामुळे मांडायला मिळतं ते बहुधा मागच्या हंगामाचं काम. ध्रुवीय संशोधन मांडायच्या संधी कमी आहेत की पुरेशा, हा वाद घालताना ही अडचण बाजूला ठेवून चालत नाही.

मुळात या परिषदा निष्कर्ष ऐकण्यासाठी नव्हत्याच. 1879 साली हॅम्बुर्ग, 1880 साली बर्न आणि 1881 साली सेंट पीटर्सबर्ग इथे भरलेल्या बैठका पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या आखणीसाठी होत्या: कोणी कुठे ठाणं टाकायचं, चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी कोणत्या वेळी घ्यायच्या. 1882-83 मध्ये त्या नोंदी झाल्या आणि देशोदेशींच्या जाडजूड खंडांत छापल्या गेल्या. सगळ्यांनी एकत्र बसून त्यांचा अर्थ लावण्याचं काम मात्र मागे पडलं. 1895 च्या लंडनच्या भूगोल परिषदेत त्याच वर्षी जानेवारीत दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरून आलेला एक जण बोलला, आणि अंटार्क्टिकाचा शोध हेच भूगोलातलं उरलेलं सर्वांत मोठं काम आहे, असा ठराव झाला. दुसरं ध्रुवीय वर्ष 1932-33 चं.

खरा फरक पडला 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाने. अंटार्क्टिकावर 12 देश उतरले होते. हे काम वर्ष संपल्यावरही चालू राहावं म्हणून फेब्रुवारी 1958 मध्ये हेगला अंटार्क्टिक संशोधनाच्या एका आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीची (SCAR) पहिली बैठक झाली. 1959 च्या अंटार्क्टिक कराराच्या तिसऱ्या कलमात निरीक्षणं आणि निष्कर्ष यांची देवघेव करावी, ती मुक्तपणे उपलब्ध असावीत, असं आलं. हे कलम पुढच्या सगळ्या सादरीकरणांच्या मुळाशी आहे, तरी त्याचा उल्लेख फार कमी वेळा होतो.

मग विषयवार परिसंवाद सुरू झाले. जीवशास्त्राचा पहिला 1962 साली पॅरिसला, भूविज्ञानाचा 1963 साली केपटाउनला. तिथे मांडलेले निबंध पुढे ग्रंथरूपात येत. केपटाउनचा ग्रंथ 1964 मध्येच निघाला. पण 1977 साली मॅडिसनला झालेल्या परिसंवादाचा ग्रंथ यायला 1982 उजाडलं. ज्याच्या नोकरीचा निर्णय प्रकाशनांच्या यादीवर होणार, त्याला पाच वर्षं थांबणं परवडत नाही. परिषदेत तोंडी मांडायचं आणि निबंध स्वतंत्रपणे नियतकालिकाकडे पाठवायचा, ही पद्धत रुळली त्यामागे हाही एक हिशेब आहे. हिमनदीशास्त्रज्ञांनी मधला मार्ग काढला: ठरावीक विषयावर परिसंवाद घ्यायचा आणि त्यातले निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेऊन एका वार्षिकाच्या अंकात छापायचे. 1980 पासून ते वार्षिक निघतं आहे.

आता त्या एका शब्दाकडे, ज्याने सर्वाधिक घोळ घातला आहे. 2002 साली शांघायच्या बैठकीत हेगला सुरू झालेल्या त्या अंटार्क्टिक समितीने आपली रचना बदलली. जुने अनेक कार्यगट मोडून भूविज्ञान, जीवविज्ञान आणि भौतिक विज्ञान असे तीन स्थायी गट केले. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रतिनिधींच्या बैठकीला जोडून एक मोठी परिषद घ्यायचं ठरलं. तशी पहिली परिषद 2004 साली ब्रेमेनला झाली आणि तिचं नाव पडलं 'ओपन सायन्स कॉन्फरन्स'.

यातलं 'ओपन' नेमकं काय? मराठीत याची दोन भाषांतरं फिरतात, 'खुली विज्ञान परिषद' आणि 'मुक्त विज्ञान परिषद'. पहिलं बरोबर, दुसरं चूक. मुक्त विज्ञान म्हणजे विदा (डेटा), संगणकीय कोड आणि निबंध सर्वांना विनामूल्य उपलब्ध ठेवण्याची चळवळ. तिचा बोलबाला नंतर वाढला आणि जुन्या नावावर नवा अर्थ चढला. ब्रेमेनमधला 'खुली' हा शब्द बैठकीच्या तुलनेत होता. प्रतिनिधींच्या बैठकीत प्रत्येक देशाचे ठरलेले लोकच बसतात. परिषदेत मात्र गोषवारा मंजूर झालेला कोणीही बोलू शकतो, त्याचा देश त्या समितीचा सदस्य असो वा नसो. दुसरं म्हणजे ती विषयाने खुली होती. पेंग्विनच्या पिसांतला पारा मोजणारा आणि बर्फाखालच्या सरोवरांचं रडार-चित्रण करणारा एकाच इमारतीत येऊ लागले.

'खुली' याचा अर्थ फुकट असा नाही. नोंदणीशुल्क असतंच. 'खुली' म्हणजे प्रत्येकाला व्यासपीठावर वेळ मिळेल असंही नाही. आणि परिषदेत दाखवलेली विदा आपोआप सार्वजनिक झाली असंही नाही. हा तिसरा गैरसमज महागात पडतो. सहसंशोधकांची परवानगी न घेता कच्चे आकडे पडद्यावर आले की समोरच्या रांगेतला माणूस फोनने चित्र टिपतो. करारातला 'मुक्तपणे उपलब्ध' हा शब्दप्रयोग देशांवरचं बंधन आहे. तुमच्या अर्धवट आलेखाचं चित्र काढायचा परवाना त्यात नाही.

अशी खुली परिषद घेण्याचा निर्णय वादाचा होता, आणि आक्षेपात तथ्य होतं. भूविज्ञानाच्या परिसंवादात आठवडाभर एकाच विषयाची माणसं भेटत, एका खडकावर तासभर वाद चाले. खुल्या परिषदेत वाट्याला येतात बारा मिनिटं आणि तीन प्रश्न. पण विषयवार परिसंवाद बंद पडतील ही भीती खोटी ठरली. 2003 पॉट्सडॅम भूविज्ञान, 2004 ब्रेमेन खुली, 2005 कुरितिबा जीवशास्त्र, 2006 होबार्ट खुली, 2007 सांता बार्बरा भूविज्ञान, 2008 सेंट पीटर्सबर्ग खुली, 2009 साप्पोरो जीवशास्त्र, 2010 ब्वेनोस आयरेस खुली. सम वर्षी सगळ्यांची, विषम वर्षी आलटून-पालटून दोघांची. 2015 चा भूविज्ञानाचा परिसंवाद गोव्यात झाला तोही याच चक्रातला. आपला विषय कोणत्या वर्षी येतो हे पाहून तीन वर्षांच्या संशोधनप्रकल्पाची आखणी करता येत होती. अनेकांनी ती केली नाही आणि निष्कर्ष हाती आले तेव्हा चुकीच्या परिषदेचं वर्ष होतं.

आर्क्टिकची कथा उशिरा सुरू होते, कारण तिथे जमीन देशांची होती आणि मधे शीतयुद्ध. 1987 मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या मुर्मान्स्कमधल्या भाषणात वैज्ञानिक सहकार्याची तयारी दाखवली गेली, 1990 मध्ये उत्तरेसाठीही एक आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती झाली, आणि 1999 पासून तिच्या बैठकांचा वार्षिक आठवडा सुरू झाला. त्याला नियमित वैज्ञानिक परिसंवाद जोडला गेला तो 2009 पासून, बर्गनला, आणि तोही विषम वर्षी. म्हणजे दोन्ही ध्रुवांवर काम करणाऱ्याला दरवर्षी एक दार उघडं मिळू लागलं. याशिवाय 1995 पासून दर दहा वर्षांनी आर्क्टिकची नियोजन परिषद होते (2025 ची बोल्डरला). तिथे भर असतो तो पुढच्या दशकाचे प्रश्न ठरवण्यावर.

दोन्ही ध्रुवांची एकत्र परिषद 2008 मध्ये सेंट पीटर्सबर्गला आणि 2018 मध्ये दावोसला झाली. कल्पना आकर्षक आहे, समुद्री बर्फाचं भौतिकशास्त्र दोन्हीकडे सारखंच. पण पहिली भरली जुलैत आणि दुसरी जूनमध्ये, ऐन आर्क्टिक हंगामात. उत्तरेत काम करणाऱ्यांना क्षेत्र आणि व्यासपीठ यांतलं एक निवडावं लागलं. जून-ऑगस्ट घेतलं तर उत्तरेचे आणि नोव्हेंबर-फेब्रुवारी घेतलं तर दक्षिणेचे लोक बर्फावर असणार. अशी परिषद वारंवार होत नाही, त्याचं एक कारण यातच आहे.

2007-08 चं ध्रुवीय वर्ष प्रत्यक्षात मार्च 2007 ते मार्च 2009 असं चाललं, दोन्ही ध्रुवांचे प्रत्येकी दोन पूर्ण हंगाम मिळावेत म्हणून. त्याच काळात तरुण ध्रुवीय संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. 2010 मध्ये ऑस्लोला झालेल्या ध्रुवीय वर्षाच्या परिषदेत दोन हजारांहून अधिक लोक जमले, 2012 मध्ये माँट्रियलला पुढची झाली. (2032-33 च्या नियोजित वर्षाला 'पाचवं' म्हणतात ते 1957-58 ला तिसरं धरून. गोषवाऱ्यात क्रमांक लिहिण्यापेक्षा साल लिहिलेलं बरं.)

ध्रुवीय नाव नसलेली दोन व्यासपीठंही आज तितकीच महत्त्वाची आहेत: अमेरिकेत डिसेंबरमध्ये आणि व्हिएन्नात वसंतात भरणारे भूविज्ञानांचे महामेळावे. दोन्हीकडे बर्फ आणि हिमावरण यांचा स्वतंत्र विभाग असतो. साधारण नियम असा की पहिला लेखक म्हणून एकच गोषवारा, आणि गोषवाऱ्याचं शुल्क परत मिळत नाही. डिसेंबरात अंटार्क्टिकाचा माणूस तळावर असतो. तेव्हा सादर करणारा सहलेखक गोषवारा पाठवतानाच नोंदवून ठेवावा लागतो, कारण नंतर नाव बदलायला संयोजकांची मनधरणी करावी लागते.

गोषवारा बहुतेक ठिकाणी अडीचशे-तीनशे शब्दांचा. तो फसतो बहुधा शेवटच्या वाक्यात: 'निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल.' याचा अर्थ निष्कर्ष नाहीत, हे संयोजकाला लगेच कळतं. ठिकाण अक्षांश-रेखांशासह, हंगामाचं वर्ष, उपकरण, नमुन्यांची संख्या आणि निदान एक आकडा अनिश्चिततेसह, एवढं असेल तर मागच्या हंगामाची विदाही चालते. नमुने अजून जहाजात असतील तर नव्या हंगामाबद्दल एक शब्दही लिहू नये. जहाज उशिरा लागलं की ते आश्वासन अंगाशी येतं.

तोंडी सादरीकरण मागूनही पोस्टर मिळालं तर तो दर्जाचा निकाल असेलच असं नाही. नव्वद मिनिटांच्या सत्रात पंधरा मिनिटांची सहाच सादरीकरणं बसतात. गोषवारे तीस आले तर चोवीस जण पोस्टरवर जाणार. उलट फारच कमी गोषवारे आलेलं सत्र दुसऱ्यात विलीन होतं आणि समोर भलतेच श्रोते येतात. प्रवासमदतीचा अर्ज अनेकदा गोषवाऱ्याच्या मुदतीतच करायचा असतो. मंजुरीची वाट पाहत बसलं तर मुदत निघून जाते. ठरलेल्या तारखेपर्यंत नोंदणी झाली नाही की मंजूर गोषवाराही कार्यक्रमपत्रिकेतून उतरतो.

पोस्टरचा आकार बहुधा ए-झीरो, 841 बाय 1189 मिलिमीटर, उभा. आडवं छापून आणलेलं पोस्टर उभ्या फलकावर दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतं आणि शेजाऱ्याचे आलेख झाकतं. हमखास चूक असते ती नकाशाची. मर्केटर प्रक्षेपात (जगाच्या नेहमीच्या आयताकृती नकाशात) अंटार्क्टिका तळाशी फाटलेल्या पट्टीसारखी दिसते. दक्षिणेसाठी 71 अंश दक्षिणेवर अचूक प्रमाण असलेलं, ध्रुव मध्यभागी ठेवणारं ध्रुवीय स्टीरिओग्राफिक प्रक्षेप घ्यावं, शून्य रेखावृत्त वर ठेवून. आणि उत्तर दाखवणारा बाण काढून टाकावा: दक्षिण ध्रुवापासून निघणारी प्रत्येक दिशा उत्तरच असते. त्याऐवजी रेखावृत्तांवर अंश लिहावेत.

2020 ची होबार्टची खुली परिषद कोविडच्या साथीमुळे प्रत्यक्षात झाली नाही, काही भाग ऑनलाइन झाला. 2022 ची भारताच्या यजमानपदाखाली पूर्णपणे ऑनलाइन झाली, 2024 ची पुन्हा प्रत्यक्ष, चिलीतल्या पुकोनला, आणि 2026 साठी ऑस्लो ठरलं. ऑनलाइन काळाने एक जुनी गैरसोय उघडी केली. हिवाळाभर तळावर राहणारे लोक ऑगस्टमध्ये कुठेच जाऊ शकत नाहीत, कारण तेव्हा जहाज नाही आणि विमानंही क्वचितच. त्यांना स्वतःचं काम स्वतः मांडायचा हाच एक मार्ग. पण तळावरचा उपग्रहदुवा अरुंद असेल तर चित्रफीत चढवताना अर्ध्यात तुटते. तेव्हा स्लाइडमधली चित्रं लहान करून फाइल काही मेगाबाइटपर्यंत आणावी, आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा, दोन्ही सहलेखकाकडे निदान आठवडाभर आधी पाठवावं आणि जोडून चढवण्याचं काम त्याच्यावर सोपवावं.